बरं आहे त्याचं

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी पाव करायला घेतले होते आणि माझी दहा वर्षांची भाची ओट्याला टेकून बघत होती. कोमट पाण्यात साखर विरघळवली, वर चमचाभर यीस्ट भुरभुरलं, वाटीवर ताटली झाकली. दहा मिनिटांनी ताटली उचलली तर वर फेसाची जाड साय धरलेली आणि तो वास, थोडा ओल्या गोणपाटाचा, थोडा आंबलेल्या द्राक्षांचा. तिनं वाटीत जवळजवळ नाकच घातलं. "मावशी, हे जिवंत आहे?" म्हटलं, हो. "मग यांच्यात मुलगा-मुलगी असतं का?" माझे हात मैद्यात, गॅसवर दूध, खाली कुणीतरी बेल दाबत होतं. म्हटलं, "नाही गं, यीस्ट आपलं एकेकटंच असतं. अंगावर एक कळी येते, ती मोठी होते, सुटते, झाली दुसरी पेशी. त्याला कुणी लागत नाही." ती फेसाकडे बघत राहिली. एकेक बुडबुडा फुटत होता. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बरं आहे त्याचं."

मी दूध उतरवलं. तिचे आईबाबा गेल्या दिवाळीपासून वेगळे राहतात. भांडण, आरडाओरडा असं तिनं फारसं पाहिलेलं नाही. दोघांनीही ते सांभाळलं. पण तिच्या शाळेच्या दप्तराला आता दोन घरं आहेत, आणि कुठल्या घरात कुठलं पुस्तक राहिलंय हे तिला पाठ असतं. दहा वर्षांच्या मुलीनं असं वाक्य बोलावं आणि त्याला आधार माझ्या उत्तराचा असावा, हे मला त्या रात्री झोपू देईना. कारण उत्तर अर्धंच होतं. सत्तावीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. वर्गातल्या कुणी परीक्षेत एवढंच लिहिलं असतं तर मी शेजारी लाल शाईनं लिहिलं असतं, 'आणि पुढे?'

पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. १९९१ साली, पुण्यात, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या मॅडमनी यीस्टचे दोन वाण दिले होते. दोन्हींत एकेक उणीव. एकाला हिस्टिडीन स्वतःचं स्वतः बनवता येत नाही, दुसऱ्याला ल्युसीन. दोन्ही अमिनो आम्लं बाहेरून घातली तर दोघंही मजेत वाढतात. न घातली तर दोघंही तसेच पडून राहतात. पोटभर अन्न असलेल्या प्लेटवर एकाची आडवी रेघ ओढायची, दुसऱ्याची उभी, अधिकच्या खुणेसारखी. रात्रभर तीस अंशांवर ठेवायचं. सकाळी त्या प्लेटचा ठसा मखमलीवर घ्यायचा आणि मखमलीवरून दुसऱ्या प्लेटवर, जिथं ती दोन्ही अमिनो आम्लं नाहीत. मखमल मी स्वतः लक्ष्मी रोडवरून आणली होती, गडद जांभळी, ब्लाऊजपीस विकणाऱ्या दुकानातून. तिचे चौकोन कापून, कागदात गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये, घातले की खोलीभर उकडलेल्या कापडाचा वास सुटायचा, लग्नघरात इस्त्री चालू असते तसा. दोन दिवसांनी ती दुसरी प्लेट उजेडात धरली. आडवी रेघ कोरी. उभी रेघ कोरी. आणि मधोमध, जिथं दोन रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या, फक्त तिथं, सायीच्या रंगाचा एक बारकासा ठिपका. तिथं दोन वाणांच्या पेशी एक झाल्या होत्या, आणि एकीची उणीव दुसरीनं भरून काढली होती.

मी ती प्लेट कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

नंतर हे प्रत्यक्ष घडताना बघायचं होतं. त्यासाठी दोन वाण एकत्र करून दर अर्ध्या तासानं नमुना काढायचा, बर्फात ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली मोजायचा. रात्री दहापर्यंतचं काम. नेमके त्याच दिवशी आईबाबा एका लग्नासाठी साताऱ्याला गेले होते, म्हणून बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीला मी प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिनं डबा खाल्ला, दोन उंच स्टुलं जोडून त्यावर अभ्यास केल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या तासाच्या नमुन्याला मी तिला बोलावलं. "बघ, डोळा फार दाबू नकोस." नेहमीच्या यीस्टपेशी गोलसर असतात, साबुदाण्यासारख्या, शेजारी एखादी कळी. त्या स्लाइडवर मात्र कितीतरी पेशींना एका बाजूनं नाक फुटलं होतं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे पेरासारखं दिसतंय. आणि हे सगळे कुणाकडे तरी वळून बघतायत." या आकाराला जगभरच्या प्रयोगशाळांत 'श्मू' म्हणतात. १९४८ साली अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या एका चित्रमालिकेत त्या नावाचा एक प्राणी आला होता, त्याच्या आकारावरून. माझ्या मनात मात्र बहिणीचंच वाक्य राहिलं. ती शास्त्राची विद्यार्थिनी कधीच झाली नाही. पण यीस्टच्या मीलनाबद्दल मी नंतर जे जे वाचलं, ते सगळं तिच्या त्या 'वळून बघतायत'मध्ये होतं.

नर-मादी असं म्हणवत नाही, कारण दोन्ही पेशी दिसायला आणि मापाला सारख्याच. एकीला 'ए' म्हणतात, दुसरीला 'अल्फा'. गुणसूत्रांचा एकेकच संच, सोळा गुणसूत्रं. पेशीचं माप मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं, आणि पाय नाहीत, शेपूट नाही, पोहता येत नाही. जिथं पडली तिथं. अशी पेशी दुसरीपर्यंत पोचणार कशी, तर ती हाक सोडते. अल्फा पेशी तेरा अमिनो आम्लांची एक छोटी माळ बाहेर टाकते, ए पेशी बारांची, तिला शेवटी चरबीचं शेपूट. आणि प्रत्येकीला कान मात्र समोरच्या हाकेचाच. ए पेशीला अल्फाची हाक ऐकू येते, अल्फाला ए ची. स्वतःची हाक स्वतःला ऐकू येत नाही. हा कान म्हणजे पेशीच्या पटलात सात टाक्यांनी शिवलेलं एक प्रथिन. हाक बाहेरून त्याला चिकटली की आतल्या बाजूचा तिघांचा एक गट फुटतो, त्यातले दोघं सुटून पुढे जातात आणि निरोप कानोकानी केंद्रकापर्यंत पोचतो. असाच सात टाक्यांचा कान आपल्या डोळ्यांत उजेड टिपतो, नाकात वास धरतो, घाबरलो की छातीत धडधड सुरू करतो. पाव फुगवणारी पेशी आणि आपण एकाच पद्धतीनं जगाची चाहूल घेतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि दरवर्षी सांगताना एक क्षण थांबायचे.

आणि मग ती पेशी थांबते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. यीस्टला खायला मिळालं की ते दीड तासात एकाचं दोन होतं. तोच त्याचा धर्म. पण हाक ऐकू आली की पेशी नवं विभाजन सुरू करण्याआधी पाऊल मागे घेते. वाढ चालू राहते, कळी मात्र धरत नाही. फार-१ नावाचं एक प्रथिन तिला तिथं रोखून धरतं. आणि पुढचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की जे प्रथिन तिला थांबवतं तेच तिला वळवतंही. हाक ज्या बाजूनं जास्त येतेय त्या बाजूला ते वाढीची सगळी सामग्री ओढून नेतं. एवढ्याशा अंगाच्या दोन बाजूंना पोचणाऱ्या हाकेत फरक तो किती असणार, अगदी किरकोळ; पण तेवढ्यावर ती आपलं तोंड ठरवते. चुकली तर पुन्हा शोधते, नाक दुसरीकडे काढते.

यातलाच एक बारकावा मी कितीतरी वर्षं मनात जपून ठेवलाय. ए पेशी आपल्याभोवती बार-१ नावाचं एक विकर सोडते आणि ते अल्फाच्या हाकेचेच तुकडे करतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कळेना, जिची वाट बघायची तिचाच निरोप का फाडायचा? मग लक्षात आलं, सगळीकडे सारखीच हाक भरून राहिली तर ती कुठून येतेय ते कळणार नाही. खरंच तसं होतं. प्रयोगात अल्फाची हाक भरपूर ओतली, पेशीच्या चहूबाजूंनी सारखीच, की ती दिशा हरवते. आधीच्या कळीच्या खुणेजवळच कुठेतरी नाक काढते, मग दुसरं काढते, तिसरं काढते, कुणापर्यंतच पोचत नाही. नीट ऐकू यावं म्हणून ती भोवतीचा गलका कमी करते. बहिणीच्या घरी शेवटची दोन वर्षं टीव्ही कधी बंद नसायचा, त्याची मला उगाच आठवण येते.

पाठ्यपुस्तकांत याला 'प्रेमाची रासायनिक भाषा' वगैरे म्हणतात. मला ते खटकतं. पेशीला प्रेम नसतं आणि आपलं प्रेम तिच्या गळ्यात बांधायची गरज नाही. तिच्याजवळ जे आहे तेच पुरेसं थक्क करणारं आहे. याहून जास्त खटकतो तो एक दुसरा शब्द. हाकेला ओ न देणारी यीस्ट शोधायची एक सोपी युक्ती आहे: अल्फाची हाक घातलेल्या प्लेटवर ए पेशी पसरायच्या, ऐकणाऱ्या सगळ्या थांबतील, न ऐकणाऱ्या वाढत राहतील. लेलंड हार्टवेल यांनी अशा पेशींवरचं काम १९८० साली प्रसिद्ध केलं. पेशीचक्राच्या शोधासाठी २००१ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले ते एक. मीलन न जमणाऱ्या अशा पेशींवरून सापडलेल्या जनुकांना 'स्टे' म्हणतात, स्टे-२, स्टे-३, स्टे-५, स्टे-११. स्टे म्हणजे स्टराइल, वांझ. म्हणजे कान नसलेली वांझ, हाक न सोडणारी वांझ, निरोप मधल्यामध्ये हरवणारी तीही वांझ. फळ्यावर ही नावं लिहिताना माझा खडू दरवेळी जड व्हायचा. आम्हाला मूल झालं नाही, आणि हा शब्द मी माझ्याच माजघरात, दाराआडून, माझ्याबद्दल ऐकलेला आहे. त्या पेशींत सगळं होतं. वाढ होती, कळ्या होत्या, पाव फुगवायची ताकद होती. फक्त एक हाक ऐकू येत नव्हती.

असो. भिंतीबद्दल सांगायचं राहिलं. यीस्टला अंगाभोवती जाड भिंत असते आणि आतून पाण्याचा दाब ती भिंत सतत ताणत असतो, सायकलच्या ट्यूबसारखा. भिंत नको तिथं पातळ झाली तर पेशी फुटते आणि संपते. दोन नाकं एकमेकांना टेकतात, आधी चिकट प्रथिनांनी एकमेकांना घट्ट धरतात. मग दोघींच्या आतल्या बारीक पिशव्या त्या टेकलेल्या जागी येऊन गोळा होतात आणि भिंत विरघळवणारी विकरं सोडतात, फक्त तिथं, मधोमध. कडेची शिवण शाबूत ठेवून. दोन्ही भिंती गेल्यावर पटलाला पटल भिडतं आणि उघडतं. या कामातली काही प्रथिनं काढून टाकली की जोड्या टेकलेल्या अवस्थेतच अडकून राहतात. काहींत भिंत जाते पण पटलं उघडत नाहीत, आणि काही जोड्या फुटूनही जातात. इतकं जोखमीचं काम आहे हे. नीट झालं, की दोन केंद्रकं धाग्यांनी एकमेकांकडे ओढली जातात आणि त्यांचं एक होतं. चौथ्या तासाच्या माझ्या नमुन्यात अशा जोड्या होत्या, मध्ये चिमटा घेतलेल्या, भुईमुगाच्या शेंगेसारख्या. एकीला जोडाच्या जागीच कळी फुटत होती. बहीण तोवर बाकावर झोपली होती, दप्तर उशाला घेऊन. तिला उठवलं नाही याची आता रुखरुख वाटते.

आणि एकदा दोघांचं एक झालं की हाक बंद. सोडायचीही बंद, ऐकायचीही बंद. ए चं एक प्रथिन आणि अल्फाचं एक प्रथिन हातात हात घालून ती सगळी जनुकं मिटवून ठेवतात. आता तिच्यात बत्तीस गुणसूत्रं, आणि ती पुन्हा कळ्या धरू लागते, एकीची दुसरी, दुसरीची तिसरी, कुणाकडेही न बघता. यीस्टच्या आयुष्यात अशी एकेरी आणि दुहेरी पेशींची आलटापालट असते हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विंगे यांनी १९३५ च्या सुमारास दाखवलं. तोवर बरेच जण मी भाचीला सांगितलं तसंच सांगत होते. पाकिटातलं बेकरीचं यीस्ट बहुतेक करून असंच, कमीत कमी दुहेरी. म्हणजे माझ्या वाटीतली 'एकेकटी' पेशी कुठल्या तरी जुन्या भेटीतून आलेली होती. तिला कुणी लागत नव्हतं, कारण जे लागतं ते तिच्या आतच होतं. गोव्यात, डिचोलीजवळच्या माझ्या आजोळी पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, सायकलवर टोपली, हातात पों-पों भोंगा. त्या पावाला किंचित आंबूस, माडाच्या सुरेचा वास असायचा. तेव्हा पीठ सुरेनंच फुगवत. आजी पाव फोडून नाकाशी धरायची आणि मग खायची. सुरेतली ती यीस्ट कुणी पाकिटात भरली नव्हती, माडावरून आणि मडक्यातून ती आपणहून यायची.

उघड्यावर वाढणाऱ्या यीस्टचं आणखी एक आहे, आणि हे मला त्या जागरणाच्या रात्री आठवलं. समजा एकच एकेरी पेशी एखाद्या फळावर पडली, आसपास कुणीही नाही. मग? तिच्या तिसऱ्या गुणसूत्रावर तीन जागा असतात. मधली वाजते, दोन टोकांच्या दोन मुक्या, एकीत ए साठवलेला, दुसरीत अल्फा. टेपरेकॉर्डरशेजारी दोन कॅसेट ठेवाव्यात तशा, आणि शास्त्रज्ञांनीही नाव 'कॅसेट' हेच दिलं. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले अमर क्लार यांनी या कोड्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत मोलाचं काम केलं. पेशी एकदा लेकीला जन्म देते, आणि त्यानंतरच तिला मधली कॅसेट बदलता येते. नवजात लेकीला ती मुभा नाही. तिनंही आधी एक कळी धरायला हवी. त्यामुळे थोड्याच वेळात त्या एकटीच्या घरात दोन्ही तऱ्हा तयार होतात, आणि भेट घरातल्या घरात होते. प्रयोगशाळेतल्या वाणांत ही सोय मोडलेली असते, म्हणून ते ए चे ए आणि अल्फाचे अल्फा राहतात आणि आम्हाला अभ्यास करता येतो. जंगलातली एकटी मात्र फार काळ एकटी राहत नाही.

पुढच्या शनिवारी भाची आली. मी ठरवलं होतं की सांगायचं, पण समजूत घातल्यासारखं नाही. मैदा मळून, फुगवून ठेवला होता. दोन गोळे घेतले, त्यांना नाकं काढली, समोरासमोर ठेवली. "मागच्या वेळी मी तुला अर्धंच सांगितलं होतं." तिनं सगळं ऐकलं. थांबणं तिला आवडलं. भिंतीपाशी आल्यावर तिनं स्वतःच दोन गोळ्यांची टोकं बोटानं दाबून एक केली आणि विचारलं, "मग ते परत वेगळे होतात का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, तरी घशाशी आलं. म्हटलं, "होतात. खायला काही उरलं नाही, उपासमार झाली, की होतात."

"परत पहिल्यासारखे दोघं?"

"नाही. चौघं होतात. दोन ए, दोन अल्फा. आणि चौघांतही पहिल्या दोघांचं थोडं थोडं मिसळलेलं. ते पहिले दोघं जसेच्या तसे परत नाही मिळत. हे चौघं एकाच पिशवीत, जाड कवच पांघरून बसून राहतात, पुन्हा खायला मिळेपर्यंत."

ती काही बोलली नाही. जोडलेला गोळा तिनं उचलला, पुन्हा मळला, मळतच राहिली. मग त्याचे चार केले, तळव्यांत वळले आणि छोट्या डब्यात एकमेकांना चिकटून मांडले, लादीसारखे. वरून दूध लावलं. अर्ध्या तासात ते फुगून एकमेकांत शिरले, ओव्हनमध्ये तांबूस झाले आणि घरभर तो वास पसरला. थोडे निवल्यावर तिनं ते हातानं सोडवले. वरची बाजू कडक, चकचकीत. पण जिथं चिकटले होते तिथं पापुद्रा नाही, नुसतं पांढरं, ओलसर, वाफाळतं. एक तिनं उभ्या उभ्याच खाल्ला. एक माझ्या ताटलीत ठेवला. उरलेले दोन तिनं दोन वेगवेगळ्या डब्यांत घातले, एक आज रात्रीचा, एक उद्या रविवारचा, आणि झाकणं घट्ट लागली ना ते दोनदा दाबून पाहिलं.